एकाच पिक्चरची दोन-दोन रूपं कशी?

ऐरोलीहून आम्ही बचत गटाच्या समन्वयक तुमच्याशी बोलतोय. एरवी आपण कर्ज, व्याज, हजेरी आणि हिशेबाच्या वह्या यांवर बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण प्रत्येकीच्या घरातला आहे.

गटाच्या बैठकीत कामकाज आटपलं की पिक्चरच्या गप्पा निघतातच. २०२३ साली ‘बाईपण भारी देवा’ आला तेव्हा ठिकठिकाणच्या बायका घोळक्यानं थिएटरात गेल्या. आता तसेच पिक्चर हातातल्या मोबाईलवर येतात. मग एक जण म्हणते, “अगं, टीव्हीवर तो सीन नव्हताच.” दुसरी म्हणते, “माझ्या मोबाईलवर तर होता.” तिसरीनं पाहिलेला शेवटच निराळा. ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी उगाच सांगतंय. पण बहुतेक वेळा तिघीही खरं बोलत असतात. पिक्चर एकच, पण तिघींपर्यंत आलेली प्रत वेगवेगळी.

असं का होतं, हे आज समजून घेऊ. कारण यात गप्पांपुरतीच गोष्ट नाही. पोरांच्या हातात मोबाईल आपणच देतो. मोठ्या नणंदेनं “चांगला आहे, पाहा” म्हणून सांगितलेला पिक्चर आणि पोरगं पाहतंय तो पिक्चर एकच आहे का, हे आपल्याला कळायला हवं.

कट म्हणजे काय?

पिक्चरचं शूटिंग होतं तेव्हा लागतं त्याच्या कितीतरी पट जास्त चित्रण केलेलं असतं. मग संपादक, म्हणजे एडिटर, त्यातलं काय ठेवायचं, काय काढायचं, काय आधी आणि काय नंतर हे ठरवतो. अशी जुळवून तयार झालेली प्रत म्हणजे ‘कट’. शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींना हे लगेच समजेल. तागा एकच असतो, पण गिऱ्हाइकाच्या मापानं कापड वेगळं बेतावं लागतं. पिक्चरचंही तसंच आहे. थिएटर, टीव्ही आणि मोबाईलवरचं ॲप ही तीन वेगळी गिऱ्हाइकं आहेत, आणि तिघांचे नियम आणि व्यवहार वेगळे आहेत.

थिएटरचा नियम : सेन्सॉर बोर्ड

आपल्या देशात थिएटरात पिक्चर दाखवायचा तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली प्रमाणपत्र लागतं. ते देणाऱ्या मंडळाला आपण सेन्सॉर बोर्ड म्हणतो. त्याचं मुख्य कार्यालय मुंबईतच आहे. ‘यू’ म्हणजे सगळ्यांसाठी, ‘यूए’ म्हणजे लहान मुलांनी मोठ्यांच्या सल्ल्यानं पाहावा असा, ‘ए’ म्हणजे फक्त १८ वर्षांवरच्यांसाठी. २०२३ साली कायदा बदलला आणि यूएचे तीन भाग झाले : ७ वर्षांवरच्यांसाठी, १३ वर्षांवरच्यांसाठी आणि १६ वर्षांवरच्यांसाठी. बोर्ड कधी पिक्चर आहे तसा मंजूर करतं, कधी काही दृश्यं, शिव्या किंवा शब्द काढायला सांगतं. निर्मात्याला ‘यूए’ हवा असेल तर तो बऱ्याचदा स्वतःच कात्री चालवतो, कारण ‘ए’ मिळाला की घरातली पोरं येत नाहीत आणि तिकिटं कमी खपतात.

याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे ‘शोले’. तो १५ ऑगस्ट १९७५ ला लागला. आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते. मुळात शेवट असा केला होता की ठाकूर आपल्या पायांनी गब्बरला ठार करतो. पण पोलीस खात्यात राहिलेला माणूस कायदा हातात घेतोय हे चालणार नाही, असं तेव्हा सांगितलं गेलं. म्हणून नवा शेवट चित्रित केला. ऐन वेळी पोलीस येतात, ठाकूरला थांबवतात आणि गब्बरला घेऊन जातात. आपल्या आईनं, आजीनं, आपण आणि आपल्या पोरांनी हाच शेवट पाहिला. आपल्या सचिन पिळगावकरांनी त्यात इमामसाहेबांच्या मुलाची, अहमदची भूमिका केली होती. गब्बर त्याला मारतो ते दृश्यही थिएटरात लागलेल्या प्रतीत नव्हतं. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो आणि पुढे घोड्यावरून मुलाचं प्रेत गावात येतं, एवढंच दिसतं.

पन्नास वर्षांनी पिक्चरच्या जुन्या रिळांची दुरुस्ती झाली. ब्रिटनमध्ये जपून ठेवलेल्या रिळांत मूळ शेवट सापडला. जून २०२५ मध्ये ही प्रत इटलीतल्या बोलोन्या शहरात दाखवली गेली आणि डिसेंबर २०२५ मध्ये आपल्याकडच्या थिएटरांत लागली. म्हणजे आता ‘शोले’चे दोन शेवट चालू आहेत. आजी म्हणेल पोलीस आले, नात म्हणेल ठाकूरनं मारलं. दोघीही बरोबर.

बोर्डानं सांगितलेले कट निर्मात्याला मान्य नसतील तर तो कोर्टात जाऊ शकतो. २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ या पिक्चरवरून मोठा वाद झाला. निर्माते मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं एकच दृश्य काढायला लावून आणि सुरुवातीच्या सूचनेत बदल करून तो प्रदर्शित करायला परवानगी दिली. तेव्हा बोर्डाचा शब्द हा काही शेवटचा शब्द नसतो.

आणखी एक गोष्ट. ‘ए’ प्रमाणपत्र म्हणजे पिक्चर वाईट, असा अर्थ काढू नका. रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा मराठी पिक्चर २०१७ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवातून ऐन वेळी वगळला गेला. पण पुढच्याच वर्षी बोर्डानं एकही कट न सुचवता त्याला ‘ए’ दिला. नवऱ्याला सोडून मुंबईत आलेली एक बाई पोराच्या शिक्षणासाठी कला महाविद्यालयात चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसते, त्या बाईची ती गोष्ट आहे. पोरांसोबत पाहण्याचा तो पिक्चर नाही, पण आपण बायकांनी पाहून बोलावं असं त्यात पुष्कळ आहे. ‘ए’ हे वयाचं माप आहे. गोष्ट चांगली की वाईट, हे त्यावरून ठरत नाही.

टीव्हीचा नियम आणखी कडक

टीव्ही घराच्या मधोमध असतो आणि लहान पोरंही समोर बसलेली असतात. म्हणून ‘ए’ प्रमाणपत्राचा पिक्चर टीव्हीवर तसाच दाखवता येत नाही. या नियमाच्या मागे एका बाईची मेहनत आहे. मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांनी टीव्हीवर सर्रास येणाऱ्या प्रौढांच्या पिक्चरांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २००५-०६ च्या सुमारास न्यायालयानं त्यावर बंधन घातलं. तेव्हापासून ‘ए’ पिक्चर टीव्हीवर आणायचा तर तो आधी कापून, पुन्हा बोर्डाला दाखवून ‘यूए’ करून घ्यावा लागतो. म्हणूनच एखादा पिक्चर टीव्हीवर वीस-पंचवीस मिनिटांनी लहान होऊन येतो, शिवीच्या जागी आवाज बंद होतो, कधी दोन प्रसंगांमधला दुवाच तुटतो. जाहिरातींसाठी जागा करायची म्हणून एखादं गाणंही वगळलं जातं.

ॲपवर बोर्ड नाही, पण नियम आहेत

नेटफ्लिक्स, ॲमेझॉन प्राइम, झी५, जिओहॉटस्टार अशा ॲपना ओटीटी म्हणतात. सेन्सॉर बोर्डाचा कायदा थिएटरासारख्या सार्वजनिक खेळांसाठी आहे. ॲपसाठी केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२१ मध्ये वेगळे नियम आणले. त्यांनुसार ॲपनं स्वतःच प्रत्येक पिक्चरवर वयाची खूण लावायची : यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ किंवा ए. यूए १३+ आणि त्यावरच्या पिक्चरांना कुलूप लावायची सोय द्यायची. ‘ए’ पिक्चरसाठी पाहणाऱ्याचं वय तपासायची व्यवस्था ठेवायची.

म्हणजे थिएटरात कापलेला भाग ॲपवर दिसू शकतो. पण दिसेलच असं नाही. पुष्कळदा निर्माता थिएटरात लागलेली प्रतच ॲपला देतो. एकच प्रत सगळीकडे चालते, वादही टळतो. परदेशी पिक्चरांचं आणखी निराळं. २०२३ मध्ये ‘ओपनहायमर’ आपल्याकडच्या थिएटरांत लागला तेव्हा एका दृश्यात नायिकेच्या उघड्या अंगावर संगणकानं काळा झगा चढवला होता. दृश्य कापलं नव्हतं, झाकलं होतं. हाच पिक्चर दुसऱ्या देशात पाहणाऱ्या आपल्या माणसानं तो झगा पाहिलाच नसेल.

धंद्यासाठी वाढवलेले पिक्चर

प्रत्येक बदल कात्रीनंच होतो असं नाही. कधी पिक्चर वाढवला जातो. रितेश देशमुख यांचा ‘वेड’ डिसेंबर २०२२ मध्ये लागला आणि चांगला चालला. मग जानेवारी २०२३ मध्ये त्यात नवं गाणं आणि काही प्रसंग घालून तो पुन्हा थिएटरात आणला. आधी पाहिलेले प्रेक्षक पुन्हा यावेत, हा त्यामागचा हिशेब. ‘पुष्पा २’ ची गोष्टही तशीच. डिसेंबर २०२४ मध्ये तो सुमारे ३ तास २० मिनिटांचा होता. जानेवारीत २० मिनिटं वाढवून थिएटरात पुन्हा लावला, आणि नेटफ्लिक्सवर आला तोही वाढवलेलाच. थिएटरात आधी पाहिलेल्यांनी घरी काही नवे प्रसंग पाहिले, ते यामुळे.

दुसरा व्यवहार हक्कांचा. शेत एकाच्या नावावर आणि विहिरीच्या पाण्यात वाटे असतात, तसे पिक्चरच्या प्रत्येक भाषेचे आणि प्रत्येक माध्यमाचे हक्क वेगवेगळ्यांना विकता येतात. २०२२ मध्ये ‘आरआरआर’ ॲपवर आला तेव्हा हिंदी पिक्चर नेटफ्लिक्सवर होता आणि तेलुगू, तमिळ, कन्नड, मल्याळम झी५ वर. ज्याला जी प्रत विकली तीच तो दाखवणार. हक्कांची मुदत संपली की पिक्चर एका ॲपवरून जातो आणि दुसऱ्यावर येतो. तेव्हा प्रतही बदललेली असू शकते.

हे नवं नाही : ‘कुंकू’ची गोष्ट

मोबाईल आल्यावर हे सुरू झालं असं वाटेल, पण मराठी सिनेमा जवळपास पहिल्या बोलपटापासून हे करत आला आहे. प्रभात कंपनीनं १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत, असा दोनदा तयार केला. तेव्हा आजच्यासारखं डबिंग नव्हतं. सेट तोच ठेवून एकेक प्रसंग दोन्ही भाषांत वेगवेगळा चित्रित करायचे.

१९३७ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’ केला. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो होता. तरुण नीराचं लग्न फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लावलं जातं आणि ती हे लग्न मानायला साफ नकार देते. शांता आपटे यांनी नीरा केली होती. त्या काळात पडद्यावरच्या बाईनं असं ‘नाही’ म्हणणं ही फार मोठी गोष्ट होती. हाच पिक्चर हिंदीत ‘दुनिया न माने’ नावानं आला. कथा एकच, तरी नावानं भर कुठे दिला ते पाहा. मराठी नाव बाईच्या कपाळाकडे बोट दाखवतं आणि हिंदी नाव तिच्याभोवतीच्या जगाकडे. १९४१ च्या ‘शेजारी’मध्ये केशवराव दाते होते, तर हिंदी ‘पडोसी’मध्ये त्यांच्या भूमिकेत मजहर खान. १९७२ चा ‘पिंजरा’ही नंतर हिंदीत आला. म्हणून ॲपवर जुना पिक्चर शोधताना भाषा आणि नाव दोन्ही पाहावं लागतं, नाहीतर भलतीच प्रत उघडते.

लोकांच्या दबावानं होणारे बदल

कधी बोर्डही नाही, धंदाही नाही, तर लोकांचा आक्षेप पिक्चर बदलतो. जानेवारी २०२५ मध्ये ‘छावा’चा ट्रेलर आला. त्यात संभाजी महाराज लेझीम खेळताना दाखवले होते. त्यावरून आक्षेप आले आणि पिक्चर लागण्याआधीच दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते दृश्य काढत असल्याचं जाहीर केलं. ज्यांनी ट्रेलर पाहिला होता, त्यांना ते दृश्य पिक्चरमध्ये मिळालं नाही.

ॲपवर तर पिक्चर लागल्यानंतरही असा बदल करता येतो. २०२१ च्या जानेवारीत ‘तांडव’ ही मालिका ॲमेझॉनवर आली, तिच्यावरून वाद पेटला आणि काही दिवसांतच त्यातली दृश्यं काढली गेली. आधी पाहिलेल्यांनी एक पाहिलं, नंतर पाहिलेल्यांनी दुसरं. हे शक्य होतं, कारण ॲपवरचा पिक्चर आपल्या घरात नसतो. जुनी कॅसेट किंवा सीडी कपाटात असायची, ती कुणी बदलू शकत नव्हतं. ॲपचा पिक्चर मोठमोठ्या संगणकांच्या गोदामात असतो. आमच्या ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून अशी डेटा सेंटरं उभी आहेत. बाहेरून बंद पेटीसारख्या दिसणाऱ्या त्या इमारतींत इंटरनेटवरच्या कंपन्यांचा माल साठवलेला असतो. तिथली फाईल बदलली की गावोगावचा पिक्चर एका रात्रीत बदलतो, आणि आपल्याला कुणी सांगायला येत नाही.

मिनिटं कमी म्हणजे कापलंच, असं नाही

थिएटरचा पिक्चर एका सेकंदाला २४ चित्रं या वेगानं चालतो. आपल्याकडचा टीव्ही आणि डीव्हीडी २५ चित्रांच्या वेगाच्या. त्यामुळे १५० मिनिटांचा पिक्चर काहीही न कापता १४४ मिनिटांत संपतो. उलट कधी मिनिटं वाढतात. तंबाखूची दृश्यं असलेल्या पिक्चरांना आरोग्याचा इशारा दाखवावाच लागतो. थिएटरांत तो आधीपासून होताच, १ सप्टेंबर २०२३ पासून ॲपनाही तो नियम लागू झाला. म्हणून पाच-सहा मिनिटांच्या फरकावरून लगेच शंका घेऊ नका. पंधरा-वीस मिनिटांचा फरक दिसला तर मात्र प्रत वेगळी आहे असं समजा.

आपण काय करायचं?

पहिलं, पिक्चर सुरू करण्याआधी तीन गोष्टी पाहा : वयाची खूण, एकूण मिनिटं आणि भाषा. ॲपवर पिक्चरच्या नावाखालीच हे लिहिलेलं असतं. वाचायला अडचण येत असेल त्या मैत्रिणीला गटातल्या दुसरीनं दाखवून द्यावं.

दुसरं, “टीव्हीवर आपण सगळ्यांनी मिळून पाहिला होता” म्हणून तोच पिक्चर ॲपवर पोरांना लावून देऊ नका. टीव्हीवरची प्रत कापलेली असते, ॲपवरची कदाचित पूर्ण असेल.

तिसरं, मोबाईलमधल्या ॲपवर मुलांसाठी वेगळं प्रोफाईल करा आणि मोठ्यांच्या प्रोफाईलला चार आकडी पिन लावा. पिन पोरांच्या वाढदिवसाची ठेवू नका, ती त्यांना पहिल्यांदा सुचते. हे काम दहा मिनिटांचं आहे. येत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलीला गटाच्या बैठकीत बोलवा आणि सगळ्यांचं एकदमच करून घ्या.

चौथं, वयाची खूण चुकीची वाटली किंवा काही आक्षेपार्ह दिसलं तर गप्प बसू नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक ॲपला तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि त्यानं १५ दिवसांत तक्रार निकाली काढायची असते. तक्रारीत पिक्चरचं नाव, भाषा आणि कितव्या मिनिटाला काय दिसलं ते लिहा. दृश्य भलत्याच प्रतीतलं निघालं तर तक्रार टिकत नाही.

पाचवं, फुकट मिळते म्हणून मोबाईलवर फिरणारी चोरीची प्रत घेऊ नका. ती कुठून आली, तिच्यात काय जोडलं, काय तोडलं याचा पत्ता नसतो. वयाची खूण नसते, कुलूप नसतं. थिएटरात पिक्चर चोरून रेकॉर्ड करणं आणि अशी प्रत पसरवणं यासाठी २०२३ च्या बदललेल्या कायद्यात किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद आहे.

सहावं, महिला मेळाव्यात किंवा हळदीकुंकवाला पडद्यावर पिक्चर दाखवायचा विचार असेल तर घरचं ॲप लावून भागत नाही. ॲपचे पैसे भरतो ते घरात पाहण्यासाठी. चारचौघांत दाखवायला हक्कदाराची परवानगी लागते. ती घेतानाच कोणती प्रत मिळणार हेही विचारून घ्या आणि एका जबाबदार ताईनं ती आधी पूर्ण पाहावी.

मैत्रिणींनो, बाजारात डाळ घेताना आपण पुडी उलटून वजन आणि तारीख पाहतो, तेव्हा कुठे पैसे देतो. पिक्चरच्या बाबतीत मात्र समोर आलं ते पाहिलं, असं चालतं. आपल्या घरात काय दिसावं हे निर्माता ठरवतो, बोर्ड ठरवतं, ॲपवाले ठरवतात, कधी आंदोलन करणारे ठरवतात. या सगळ्यांनी ठरवून झाल्यावर शेवटचं ठरवणं घरातल्या बाईच्या हातात उरतं, आणि त्यासाठी समोरची प्रत कोणती हे तिला माहीत असायला हवं. या महिन्याच्या बैठकीत वसुली झाली की अर्धा तास काढा. प्रत्येकीनं आपल्या मोबाईलवर एका पिक्चरची वयाची खूण, मिनिटं आणि भाषा शोधून दाखवायची. जिला जमेल तिनं शेजारणीला शिकवायचं.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.